भिजवणीचं पाणी

थोरलीच्या खड्ड्यातल्या पाण्यात बघून भांग पाडावा, इतकं ते नितळ. खाली हातभर माती बसलेली, वर गुडघाभर पाणी, आणि त्यात आभाळ जसंच्या तसं. मडकी घडवणाऱ्यांच्या त्या गल्लीत प्रत्येक घरामागं माती भिजवायचा असा खड्डा होता, बांधाला बांध लागून. पण बाकीच्यांच्या पाण्यात पालापाचोळा, कोंबडीची पिसं, काय न् काय. थोरली रोज सकाळी चूळ भरायच्या आधी खड्ड्यावर जायची आणि पडलेलं पान न् पान काडीनं बाहेर काढायची. "मडकं बघून नाही, खड्डा बघून घर ओळखावं," असं ती म्हणायची, आणि शेजारची कौलवाली ऐकण्याच्या टप्प्यात असली की जरा मोठ्यानं म्हणायची.

यंदा पावसानं पाठच सोडली नव्हती. भट्टी थंड पडली होती. घडवलेली मडकी ओसरीत दाटीवाटीनं बसली होती आणि वाळायचं नाव घेत नव्हती. अशा दिवसांत एकच काम आपोआप पुढं सरकतं, ते म्हणजे माती पिकत राहते. ती पिकली की नाही हे ओळखायची रीत थोरलीला सासूनं दिलेली. पाण्याच्या वरच्या अंगाला बारीक काळसर अळ्या आडव्या पडलेल्या दिसायला लागल्या, हाताची सावली पडताच झटक्यानं बाजूला सरायला लागल्या, की माती पिकली. मेलेल्या मातीवर जीव धरत नाही. जीव धरायच्या आधी उचललेल्या मातीचं मडकं भट्टीत तडकतं. थोरलीनं उभ्या जन्मात घाई केली नव्हती, आणि तिची मडकी तडकत नसत. आता जिची मडकी तडकत नाहीत तिला अक्कल शिकवायला कोण जाणार?

गल्ली तिचंच बघून चालायची. थोरलीनं माती उचलली की बाकीच्यांनी उचलायची. ती थांबली की सगळे थांबले.

ताप पहिल्यांदा घरात आला तो तिच्या मुलाच्या अंगावरून. तो गाडीभर रांजण घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता, चार ठिकाणी उघड्यावर झोपला, आणि परत आला तो दात वाजवतच. चाकावर बसला तर हात थरथरायला लागले. मडक्याचा गळा वाकडा झाला. त्यानं तो मोडला, पुन्हा उचलला, पुन्हा वाकडा. मग चाक आपलं आपण फिरत राहिलं आणि तो तिथंच कुशीवर झाला.

"सगळ्या गोधड्या घाला त्याच्यावर," थोरली ओरडली. "अगं, अशी बघत काय उभी राहिलीस? पोटात पोर आहे म्हणून हातही गळले का?"

हे सुनेला. सुनेला सातवा महिना होता. ती बोलायची कमी. सासूचं बोलणं ती पावसासारखं घ्यायची, डोक्यावर काहीतरी धरून काम करत राहायचं. तिनं गोधड्या आणल्या, वर पोती आणली. नवरा त्याखाली अख्ख्या खाटेसकट हलत होता. नंतर थंडी गेली, अंग तव्यासारखं झालं, मग घाम फुटला आणि तो मेल्यासारखा झोपला. दुसऱ्या दिवशी उठून भाकर मागितली. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दात वाजायला लागले.

नर्सबाई आली. पायात चिखलाचे बूट, काखेत पिशवी, बोलण्यात घाई. तिनं बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. हिवताप आहे म्हणाली, आणि गोळ्यांचं पाकीट दिलं. "सगळ्या संपवायच्या. बरं वाटलं तरी संपवायच्या. आणि घरातल्यांनी जपा. डास याला चावला, की तोच दुसऱ्याला नेऊन देतो."

"म्हणजे डास काय टपाल वाटतो?" थोरली म्हणाली.

भिंगरी खदाखदा हसली. ही थोरलीची नात. चाकाशेजारी जन्मली, चालायला लागल्यापासून गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. नर्सबाई हसली नाही. तिला पुढं अजून सहा घरं होती.

मुलाला आठवड्याआत उतार पडला. थोरलीनं त्याला दूध दिलं, ऊन पाणी दिलं, सावलीत बसवलं. उरलेल्या गोळ्या तिनं पुरचुंडी बांधून डब्यात ठेवून दिल्या. बरं झालेल्या माणसाला औषध चारणं म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा वाढणं. वस्तू अशी उधळायची नसते, असं तिच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

पाठोपाठ फवारणीवाला आला. पाठीवर टाकी, तोंडात काहीतरी चघळणं चालू. त्यानं सरळ मागं जाऊन लांब दांड्याचं पांढरं ओगराळं थोरलीच्या खड्ड्यात बुडवलं.

"ए, ए! हात धुतलास का?"

"मावशी, ह्या बघा अळ्या. हा खड्डा उपसा, नाहीतर मला तेल टाकू द्या."

"तेल? डोक्याला लाव. टक्कल पडायला लागलंय तुझं. अरे, तेलाचा थेंब मातीत उतरला तर त्या जागी भट्टीत भेग पडते. वर्षभराची माती आहे ही."

"यात डास होतात."

"डास गटारात होतात. तुमच्या कचेरीच्या मागं होतात. इथं वाकून बघ, तोंड दिसतंय ना तुझं? गटारात दिसलं असतं?"

"हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यातच होतो. घाणीतला निराळा. या अळ्यांना पंख फुटले की झाले डास."

"शिकवतोस मला! या अळ्यांची मी वाट बघत असते. त्या धरल्या म्हणजे माती पिकली. तुझ्या आजीच्या जन्माआधीपासून धरतायत."

फवारणीवाल्याचं चघळणं थांबलं. अळ्या नाहीत म्हणणारे त्याला रोज भेटत. अळ्यांची वाट बघणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं घरात शिरून भिंतींवर पिचकारी मारली, त्यातलं निम्मं मडक्यांवर उडवलं, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आणि निघाला. जाताना परसदारी सून कपडे पिळत होती, तिच्या हातात एक पाण्याची पिशवी दिली. आत बोटाच्या पेराएवढे मासे होते.

"वहिनी, निदान हे तरी सोडा. गप्पी मासे आहेत. अळ्या खातात. मातीला काही करत नाहीत." आणि तिच्या पोटाकडे बघून म्हणाला, "तुम्हाला झाला तर जड जाईल हो."

सुनेनं आयुष्यात पहिल्यांदा सासूला न विचारता काही केलं. भिंगरीला बोलावलं, आणि दोघींनी मिळून मासे खड्ड्यात सोडले.

"आजीला सांगायचं नाही."

"नाही सांगणार. पण त्यांना नावं ठेवू?"

"ठेव. मनातल्या मनात."

मासे कामाला लागले. थोडेच दिवस गेले असतील, पाणी अगदी कोरं झालं. थोरली सकाळी खड्ड्यावर जायची, हाताची सावली पाडून बघायची आणि परत यायची. काही हलत नव्हतं. कौलवाली बांधावरून विचारायला लागली, "काय हो थोरल्या काकू, यंदा तुमची माती मागं पडली का? आमच्यात बघा, नुसती वळवळ!"

हे थोरलीच्या जिव्हारी लागलं. तिच्या खड्ड्यात जीव नाही आणि कौलवालीच्या पिसांच्या गाळात आहे!  संध्याकाळी ती पुन्हा जाऊन बांधावर बसली, पाण्याला डोळा लावून. तेव्हा तिला मासा दिसला.

"कोणाचं काम हे?"

भिंगरी आईमागं लपली, म्हणजे उत्तर मिळालंच.

"मी सोडले, आई," सून म्हणाली. "ते माणूस म्हणालं, मातीला काही होत नाही."

"ते माणूस! ते माणूस तुला खायला घालतं का? अगं, माती पिकली की नाही हे मी आता कशावरून ओळखू? तुझ्या बापाच्या घरी भात पिकवतात, तुला मातीतलं काय कळतं? जा, चाळण घे, आणि एकेक बाहेर काढ."

"उद्या सकाळी काढते. आता दिवेलागण झाली, डास उठलेत."

"सोडताना बरी वेळ सापडली होती. आत्ता काढ."

मुलगा ओसरीवर होता. त्यानं ऐकलं. त्यानं मान खाली घालून चाकावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडायला घेतला.

सून पाण्यात उतरली. पोट सांभाळत वाकायची, चाळण पाण्याखालून सरकवायची, मासा निसटायचा. पाय तळाशी बसलेल्या मातीत रुतत होते आणि नितळ पाणी गढूळ होत होतं, त्यावरून थोरलीनं आणखी दोन शब्द ऐकवले. कौलवाली आणि तिच्या घरच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. सुनेचे दोन्ही हात चाळणीत गुंतलेले, मानेवर, दंडावर डास बसले तरी मारता येईनात. ती नुसती खांदे उडवत राहिली. पार अंधार पडेपर्यंत ती पाण्यात होती. बांधावर मासे उड्या मारत होते, मग तेही थांबले. भिंगरीनं ते उचलून वाटीत घातले. पण वाटीत पाणी नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत खड्ड्यात अळ्या धरल्या. थोरलीनं कौलवालीला हाक मारून दाखवल्या.

त्याच सुमारास सुनेला थंडी भरली. चिखल तुडवता तुडवता तिनं भिंत धरली आणि खाली बसली.

"झालं? नवऱ्याचं बघून शिकलीस वाटतं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. सून उठली, पाणी भरलं, चूल केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडी. थोरलीनं हिशेब मांडला: चिखल तुडवायच्या दिवशी ताप, बसून खायच्या दिवशी बरी. मुलालाही असाच एकाआड एक ताप आला होता, पण तो ताप होता. ही थेरं होती. आपलं पोर आजारी पडतं, सून पडून राहते, हे थोरलीच्या आधीही चालत आलेलं आणि तिच्या सासूनंही तिला असंच वागवलेलं. तिनं सहा बाळंतपणं चिखलात उभी राहून काढली होती. त्यातलं एकच पोर जगलं, हे ती मोजत नसे.

पण सुनेचे ओठ पांढरे पडायला लागले, तशी ती मनातून चरकली. डबा उघडला, पुरचुंडी सोडली आणि मुलाच्या उरलेल्या गोळ्या सुनेच्या हातावर ठेवल्या. "घे. माझ्या जपून ठेवण्याला नावं ठेवता ना? आज आल्या की नाही कामाला?"

सुनेनं घेतल्या. दोन दिवस बरं वाटलं. मग दोन्ही खाटा एकदमच हलायला लागल्या. मुलाचा ताप उलटला होता.

नर्सबाई आली आणि दारातच थबकली. सुनेची पापणी खाली ओढून बघितली, पोटाला हात लावला. "पाकीट संपवलं होतं ना यांनी?"

मुलानं आईकडे बघितलं.

"आजीनं डब्यात ठेवलं होतं," भिंगरी म्हणाली. "मग आईला दिलं."

नर्सबाई थोरलीकडे वळली. तिला फार बोलायचं असावं. पण तिनं फक्त पिशवी बंद केली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी यायची नाही, रस्ता वाहून गेलाय. जसं जमेल तसं न्या."

ढकलगाडी एकच होती, मडकी न्यायची. थोरलीनं तीत पेंढा भरला. खाली जाड थर, बाजूंनी दाबून, मध्ये खोलगट, रांजण ठेवताना करतात तसा. तिचे हात हे काम न बघता करायचे. सुनेला त्यात बसवलं, वरून पोतं घातलं. मुलगा पुढून ओढायला लागला. चार पावलं गेला की दांडीला टेकायचा. मग थोरली मागून ढकलायची. चिखलात चाक रुतलं की तीच खाली वाकून हातांनी चिखल उपसायची. कौलवालीनं भिंगरीला स्वतःकडे ठेवून घेतलं होतं.

वाटेत सून एकदा हसली. "मडकं समजून नेताय काय मला?"

"मडकं असतीस तर एवढी जड नसतीस."

"तडकलंय हो, आई. आत काहीतरी तडकलंय."

"गप. माझ्या घरचं काही तडकत नाही."

सुनेनं पेंढ्यातून हात बाहेर काढला आणि गाडीच्या कडेवर ठेवला. थोरलीचा हात तिथंच होता. तिनं आपला काढला नाही, पण सुनेचा धरलाही नाही. गाडी ढकलायची होती.

दवाखान्यात खाटा भरलेल्या होत्या. ओळीनं सगळ्यांना तोच ताप. सुनेला जमिनीवर चटई मिळाली. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्तच उरलं नाही, तापानं खाल्लं. रक्त आणायला माणूस नदीपलीकडे पाठवला. नदीला पाणी होतं. तो परत येईपर्यंत पोर जन्मलं होतं, न रडता, आणि त्याच्या मागोमाग सून गेली. थोरली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पायाच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि ती तो सोलत होती.

येताना गाडीतला पेंढा तोच होता.

घरी परतल्यावर काही दिवस थोरली खड्ड्याकडे गेली नाही. पाण्यावर पानं साचली. मुलगा ताप नसला की चाकासमोर बसायचा, चाक फिरवायचा, आणि माती न ठेवताच बघत राहायचा.  एकदा तो म्हणाला, "मला बोलायला हवं होतं त्या संध्याकाळी." थोरलीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.

मग एका सकाळी तिनं कपडे गुडघ्याच्या वर खोचले, घमेलं घेतलं आणि खड्ड्यात उतरली. उपसायला लागली. घमेल्यामागून घमेलं पाणी उतारावर फेकलं. माती पिकलेली होती, चांगली पिकलेली, पण ती तिकडे बघत नव्हती.

कौलवाली धावत बांधावर आली. "अहो थोरल्या काकू! काय करताय? आभाळ अजून ओलं, आत्ताच माती उचलून वाळणार कुठं?"

"माती नाही उचलत. पाणी काढतेय. तूही काढ."

"आमची अजून पिकायचीय."

"नको पिकू देऊ."

कौलवालीनं इकडं तिकडं बघितलं. दुःखानं माणूस असं करतं, हे तिला कळत होतं. "तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, काकू. कच्ची उचलली तर सगळी भट्टी तडकते. माझ्या घरात खाणारी तोंडं किती, बघताय ना? तुम्ही वर या, चहा टाकते."

थोरली वर आली नाही. दुपारी ती खड्ड्यात असतानाच विहीणबाई आली, सुनेची आई. पायी आली होती. एका हाताशी तिचा नातू, डोक्यावर एक गाठोडं. थोरली ओल्या हातांनीच ओसरीवर आली. दोघी समोरासमोर बसल्या. लग्नात या बाईला थोरलीनं मानाच्या जागेवरून उठवलं होतं, भातवाल्यांना मान कसला म्हणून. थोरलीनं ओले हात पदराला पुसले.

शेवटी थोरलीच बोलली. ज्या गोष्टीसाठी ती दोन दिवस घशात शब्द घोळवत होती, ती तिनं एका दमात बोलून टाकली. "विहीणबाई, भिंगरीला तुमच्याकडे घेऊन जा. तिच्या आईच्या घरी. मी हात जोडते."

थोरलीनं हात जोडलेले त्या गल्लीत कुणी पाहिले नव्हते. विहीणबाईनंही पाहिल्यासारखं केलं नाही. ती गाठोड्याची गाठ बोटांनी चाचपत होती.

"मी ह्याला इथं ठेवायला आणलंय," ती म्हणाली. "आमच्याकडे घरटी एक खाट हलतेय. शेताशेतात पाणी. ह्याचा भाऊ परवा गेला. मला वाटलं, तुमच्याकडे भट्टी असते, धूर असतो, डास यायचे नाहीत. म्हटलं निदान हा एक तरी."

थोरलीनं त्या मुलाकडे बघितलं. तिला हो म्हणता आलं असतं. भट्टीची, धुराची शेखी मिरवता आली असती. ती उठली, विहीणबाईचा हात धरला आणि तिला परसात नेलं. खड्ड्यापासून सगळ्या गल्लीच्या खड्ड्यांची रांग दिसत होती, शेवटपर्यंत, आणि प्रत्येकात आभाळ.

"इथं नका ठेवू," ती म्हणाली. "तुमची लेक ह्या पाण्यानं गेली. मी तिला ह्यात उभी केली होती."

विहीणबाईनं पाण्याकडे बघितलं. मग थोरलीकडे. तिनं हात उगारला असता तर थोरलीनं गाल पुढं केला असता. पण विहीणबाईच्या अंगात तेवढीही ताकद उरलेली नव्हती.

"मग पोरांना ठेवायचं कुठं?" ती म्हणाली.

"मला काय विचारता?" थोरली म्हणाली. "मला कुठं काय कळतंय?"

ओसरीवर भिंगरी त्या मुलाला थंड चाकावर बसवून फिरवत होती. तो घाबरून हसत होता. ऊन कलेपर्यंत त्यांना खेळू दिलं. मग विहीणबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं, नातवाला उचललं आणि पाणीही न पिता, आल्या वाटेनं भाताच्या शेतांकडे निघाली. अंधाराआधी तिला घरी पोचायचं होतं. भिंगरी कोपऱ्यापर्यंत मागं पळाली आणि परत आली.

"घरात जा. दार लावून घे. गोधडी पार डोक्यापर्यंत घे," थोरली म्हणाली.

"उकडतं गं आजी."

"उकडू दे."

ती परसात आली. घमेलं बांधावर होतं तसंच होतं. कौलवालीच्या खड्ड्याच्या बाजूनं बांधाची माती ओली काळी दिसत होती, आणि खालच्या अंगानं पाणी आत झिरपत होतं, आवाज न करता. थोरली उतरली. सकाळी पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. आताही गुडघ्यालाच लागलं. तिनं घमेलं बुडवलं.